पहिल्या तासाला काय सांगायचं? अपेक्षापत्रक, मुदती आणि गुणांची भानगड

फतेगंजकर | सोमवार, रात्री ९:१०

येत्या सत्रात कॉमर्सच्या पहिल्या सत्राला मूलभूत संख्याशास्त्र शिकवायचंय. बडोद्यातलंच कॉलेज. ४ क्रेडिट, वर्गात ६८ जण, अंतर्गत ५० आणि सत्रान्त ५०. निम्म्याहून जास्त मुलं गुजराती माध्यमातून बारावी झालेली, काही मराठी घरची, आणि पुस्तकं-पेपर सगळं इंग्रजीत. पादरा, डभोई, करजण, आणंदहून अप-डाउन करणारी बरीच. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की काही जण तिसऱ्या आठवड्यात उगवणार.

चार युनिटांचा छापील अभ्यासक्रम वाचून दाखवला म्हणजे अपेक्षा सांगितल्या असं होत नाही, एवढं कळतं. पण लिहून नेमकं काय द्यायचं, केवढं द्यायचं, आणि दिलेलं पोचलं की नाही हे कसं पाहायचं? उपदेश नको, आकडे द्या.

तिरकी_रेघ | सोमवार, रात्री १०:०२

आधी तास मोजा, अपेक्षा नंतर.

व्याख्यानाच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे ४ क्रेडिटचे ६०. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात मात्र एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे ३० तास धरलेत, वर्गातले आणि वर्गाबाहेरचे मिळून. तुमच्या पेपराचे झाले १२०. त्यातले ६० वर्गात, ६० घरी. १५ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला घरचे ४ तास. एवढंच तुमचं बजेट. याच्यापुढे जे मागाल ते दुसऱ्या कुणाच्या तरी पेपरातून चोरलेलं असेल.

मुलाच्या बाजूने बघा. सत्राला २२ क्रेडिट असतील तर ६६० तास, म्हणजे आठवड्याला ४४. रोज दोन तास गाडीत घालवणाऱ्याचे सहा दिवसांचे १२ त्यात मिळवा: ५६.

आता त्या ४ तासांत मावतं काय? स्वतःच्या वाचनाच्या वेगावरून ठरवू नका, तिथेच सगळे फसतात. पहिल्या आठवड्यात वर्गात पुस्तकातलं एक पान द्या, घड्याळ लावा, निम्म्या वर्गाचं वाचून झालं की मिनिटं टिपा. पानाला ९ मिनिटं निघाली तर २० पानांचा धडा ३ तास खातो आणि गणितं सोडवायला एकच तास उरतो. संख्याशास्त्रात हे उलटं हवं. म्हणून २० पानं नेमूच नका, ६ नेमा आणि कोणती ते पानाच्या आकड्यासकट लिहा.

दुसरं बजेट तुमचं स्वतःचं, ते लोक हमखास विसरतात. ६८ असाइनमेंट प्रत्येकी १५ मिनिटांनी तपासल्या तर १७ तास. ६ मिनिटांनी तपासल्या तर ६ तास ४८ मिनिटं. पत्रकात ‘दहा दिवसांत परत देईन’ लिहायचं असेल तर या दोनातला कोणता आकडा झेपतो ते आत्ता ठरवा.

आणि ६० तास मिळणारच नाहीत. नवरात्र आहे, दिवाळी आहे, अंतर्गत चाचण्या आहेत, विश्वामित्री नदी चढली तर तेही दिवस गेले. ५० तासांचं नियोजन करा, १० कोरे ठेवा. कोरे तास वाटेल तेव्हा भरता येतात, भरलेले कोरे करायला गेलं की चौथं युनिट ‘सेल्फ स्टडी’ होतं आणि मुलांनी ते तसं ऐकलेलंही नसतं.

चौथा_बाक | सोमवार, रात्री १०:१५

रुमाल टाकून ठेवतो. (वाचनखूणही साठवली.)

कमाटीबाग | मंगळवार, सकाळी ७:३०

तिरकी_रेघ यांच्या हिशेबाला पूर्ण अनुमोदन. मी ‘निष्पत्ती’बद्दल लिहिते. निष्पत्ती म्हणजे कोर्स आउटकम, पेपर शिकून मुलाला काय करता यायला हवं ते. ती लिहिण्याची हल्ली सक्ती आहे, त्यामुळे प्रत्येक विभागाच्या फायलीत ती असतात आणि कोणीही वाचत नाही. कारण त्यात क्रियापदं असली असतात: समजेल, आकलन होईल, जाणीव होईल. ‘समजलं का?’ विचारलं की वर्ग ‘हो’ म्हणतो, झालं!

शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांची शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड १९५६ची, २००१ साली ती क्रियापदांत मांडली गेली: आठवणे, समजणे, वापरणे, पृथक्करण, पारख, निर्मिती. ती पाठ करू नका. फक्त एवढं पाहा, की मूल ते क्रियापद करताना डोळ्यांना दिसतं का?

तुमच्याच विषयातलं घेऊ: सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर वाढतात-घटतात का. फायलीतलं वाक्य: ‘विद्यार्थ्यास सहसंबंधाची संकल्पना समजेल.’ हे पुसा आणि असं लिहा:

‘२० जोड्यांची माहिती दिली तर विद्यार्थी तिचा स्कॅटर डायग्रॅम (ठिपक्यांचा आलेख) काढेल, पिअर्सनचा गुणांक वापरायचा की स्पिअरमनचा ते कारण देऊन ठरवेल, तो हाताने काढेल, आणि एवढ्यावरून एक गोष्ट दुसरीचं कारण आहे असं का म्हणता येत नाही ते दोन वाक्यांत लिहील.’

(पिअर्सनचा गुणांक प्रत्यक्ष आकड्यांवरून निघतो, स्पिअरमनचा त्यांच्या क्रमांकांवरून.) लांब आहे, पण यातून चाचणीचा प्रश्न, असाइनमेंट आणि गुणवाटप तिन्ही आपोआप निघतं. अशी पूर्ण पेपराला पाच-सहा पुरेत. बारा लिहिली की त्यातली सात कुठल्याच प्रश्नपत्रिकेत येत नाहीत, आणि हुशार मुलांना ते दुसऱ्या महिन्यात कळतं.

म्हणून पत्रक छापण्याआधी एक साधी तपासणी करा. डाव्या बाजूला निष्पत्ती, उजव्या बाजूला ती कुठे तपासणार: चाचणी १, असाइनमेंट २, सत्रान्त. उजवीकडे मोकळी जागा राहिली तर ती निष्पत्ती काढा. डावीकडे नसलेलं काही पेपरात विचारत असाल तर तो प्रश्न काढा. मुलं ‘आउट ऑफ सिलॅबस’ म्हणून ओरडतात ते निम्म्या वेळा याच जागेबद्दल असतं.

खडू_डस्टर | मंगळवार, दुपारी १:४४

हे सगळं वाचून एकच शंका: आपण कॉलेज चालवतोय की ट्यूशन क्लास? पानं मोजून द्या, क्रियापदं मोजून द्या, उद्या घास पण भरवा. पदवीच्या मुलाने स्वतः शोधायला नको? अपेक्षा एवढ्या उघड केल्या की मुलं तेवढंच करतात, त्यापलीकडे एक ओळ नाही.

तिरकी_रेघ | मंगळवार, दुपारी ३:२०

@खडू_डस्टर, आक्षेप अर्धा बरोबर आहे. ‘चार कारणे लिहा’ म्हटलं की पाचवं कोणी लिहीत नाही, खरंय. पण त्याचा इलाज अपेक्षा लपवणं नाही, अपेक्षा चढवणं आहे. वर कमाटीबाग ताईंचं वाक्य पुन्हा वाचा. ते उघड आहे, सोपं नाही.

लपवलेली अपेक्षा सगळ्यांना सारखी अवघड नसते, हा खरा मुद्दा. ज्याचा मोठा भाऊ याच कॉलेजात होता त्याला ‘मॅडमना काय लागतं’ हे जुन्या वह्यांतून माहीत असतं. वाघोडियाहून घरातला पहिलाच कॉलेजात आलेला मुलगा ते अंदाजाने शोधत बसतो.

पासहोल्डर | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

विद्यार्थ्यांच्या बाजूने तीन गोष्टी, तिन्ही मुदतींच्या.

रात्री ११:५९ ची मुदत देऊ नका. त्या वेळी लिंक उघडली नाही तर विचारायला कोणी जागं नसतं, आणि गावाकडे नेट तेव्हाच रडतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ ठेवा. अडचण आली तर ४ वाजता स्टाफरूममध्ये माणूस सापडतो. ‘१२ तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ असं तर कधीच लिहू नका, अर्धा वर्ग ते ११ची रात्र समजतो आणि अर्धा १२ची. आणि दोघंही बरोबर.

नवरात्रात मुदत, चाचणी, प्रेझेंटेशन, काहीही नको. बडोद्यात त्या नऊ रात्री पहिल्या तासाला वर्ग अर्धा असतो, उरलेले बसून झोपतात. हे शिस्तीचं पुराण लावून बदलत नाही. मुदत नवरात्राच्या आधीच्या शुक्रवारी घ्या किंवा दसऱ्यानंतर चार दिवस सोडून. नंतर लगेच ठेवली तर ‘नवरात्रात करायला वेळ होता’ असं तुम्ही म्हणणार आणि काम झालेलं नसणार.

तिसरं शिक्षकांनी आपसात करायचं काम आहे. पाच विषय, प्रत्येकी दोन चाचण्या आणि दोन असाइनमेंट म्हणजे १५ आठवड्यांत २० मुदती. कोणी ठरवून करत नाही, पण त्या ७व्या-८व्या आणि १३व्या-१४व्या आठवड्यात साठतात, कारण प्रत्येकाला ‘युनिट संपल्यावर’ घ्यायचं असतं. विभागात भिंतीवर एक मोठा तक्ता लावा, १५ उभे रकाने, ज्याची तारीख ठरली त्याने लिहायची, एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त नाही. जो आधी लिहील त्याची जागा. हा तक्ता पहिल्या आठवड्यात भरला तर एका चहात होतो. सहाव्या आठवड्यात भरायला घेतलात तर भांडण.

दांडियाबाजार | मंगळवार, रात्री ९:३८

पासहोल्डर +१. उशिराच्या कामाबद्दल भर घालतो.

‘उशीर चालणार नाही’ हा नियम टिकत नाही. पहिला खरा आजारी मुलगा आला की मोडतो, आणि एकदा मोडला की प्रत्येकजण आजारी. ‘रोज १० टक्के कमी’ हा टिकतो, पण त्यात रोज विनवण्या ऐकाव्या लागतात. सगळ्यात कमी कटकटीचा म्हणजे उसने दिवस: सत्रभरात प्रत्येकाला ३, कारण न सांगता वापरायचे, एका कामाला जास्तीत जास्त २. संपले की शून्य. गाडी चुकली, लग्न होतं, ताप आला, सगळं त्या तीनात. दवाखान्यात दाखल असेल तर वेगळा अर्ज.

यात चूक होते ती हिशेब ठेवण्यात. ६८ मुलांचे दिवस डोक्यात राहत नाहीत. हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर तीन चौकोन, वापरला की फुली. आणि हे दिवस चाचणीला लागू नाहीत हे ठळक लिहा, नाहीतर कोणीतरी चाचणीला ‘उसना दिवस’ घेऊन घरी बसेल.

हजेरीचं पण आकड्यात लिहा. ७५ टक्के म्हणजे ६० पैकी ४५ तास. उशिरा प्रवेश घेतलेल्यांची मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून की पहिल्या तासापासून, हे कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर सत्राच्या शेवटी बदलतं.

अवांतर: ‘१५ तास बुडवले तरी चालतात’ असं चुकूनही म्हणू नका. मुलं ती रजा समजतात.

कमाटीबाग | बुधवार, सकाळी ७:१२

भाषेचं कोणी बोललं नाही. सयाजीराव विद्यापीठ १९४९ पासून इंग्रजी माध्यमाचं, आणि त्याच्याआधी १८९० साली कलाभवन निघालं तेव्हा तांत्रिक शिक्षण गुजरातीतून द्यायचा आग्रह होता. हा वाद या गावाला नवा नाही. तुमच्या वर्गापुरतं एवढं करा.

प्रत्येक युनिटच्या आधी बारा शब्दांची यादी: इंग्रजी शब्द, गुजराती शब्द आणि एका ओळीचं उदाहरण. मराठी घरची मुलं गुजराती वाचतात, वेगळा रकाना नको. शंका कोणत्याही भाषेत विचारा, उत्तरपत्रिका इंग्रजीत, स्पेलिंगचे गुण कापणार नाही: ही तिन्ही वाक्यं पत्रकात हवीत. शेवटचं नसेल तर मुलं माहीत असलेलंही लिहीत नाहीत.

आणि प्रश्नातली क्रियापदं समजावून द्या. ‘डिफाइन’ला एक वाक्य. ‘डिफरन्शिएट’ला दोन रकाने, समोरासमोर, नुसत्या दोन व्याख्या एकाखाली एक नाही. ‘जस्टिफाय’ला आधी निर्णय आणि मग तुमच्याच आकड्यांतलं कारण. पहिल्या वर्षाचा खरा प्रश्न एकच असतो: ‘सर, केटलां पानां लखवानां?’ (किती पानं लिहायची?) त्याला हसू नका. तो मुलगा अपेक्षाच विचारतोय, त्याच्याकडे मोजायला दुसरं माप नाही. त्याला सांगा: ५ गुणांना १०० ते १२० शब्द, एक आकृती, एक उदाहरण.

तिरकी_रेघ | बुधवार, दुपारी १२:०५

पहिल्या आठवड्यात शून्य गुणांची एक पूर्वतयारीची चाचणी घ्या. १५ मिनिटं, ६ प्रश्न. तुमच्या अपेक्षा मुलं पूर्ण करतील की नाही हे इथेच दिसतं. संख्याशास्त्रासाठी हे चालतील: १२० रुपयांची वस्तू १५ टक्के सवलतीत केवढ्याला, ३/४ मोठा की ५/८, उणे ७ अधिक ३, उणे ३चा वर्ग, ०.०४चं वर्गमूळ, आणि एक स्तंभालेख वाचणे.

चौथा आणि पाचवा मुद्दाम आहेत. साध्या सायंटिफिक कॅलक्युलेटरवर कंस न घालता उणे ३ लिहून वर्ग केला की तो उणे ९ दाखवतो. पुढे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) काढताना विचलनांच्या वर्गांची बेरीज चुकते आणि मुलगा सूत्राला दोष देतो. ०.०४चं मूळ ०.२, पण ०.०२ लिहिणारे भरपूर निघतात. एक तृतीयांश वर्ग यात अडकला तर कोऱ्या १० तासांतले २ इथे घाला. ‘हे शाळेत झालंय, मी पुन्हा घेणार नाही’ हीसुद्धा एक अपेक्षाच आहे, फक्त ती पूर्ण होत नाही.

खडू_डस्टर | बुधवार, दुपारी ४:३०

वर्गमुळाचं पटलं. कॅलक्युलेटरचं तर फारच.

मग असाइनमेंटबद्दल बोला. ६८ जणांकडून एकच असाइनमेंट ६८ हस्ताक्षरांत येते, आता तर एआयकडून टाइप होऊन येते. इथे कुठली अपेक्षा लिहिणार?

कमाटीबाग | बुधवार, रात्री ८:४८

@खडू_डस्टर, उतरवता येणार नाही असं काम द्या, म्हणजे माहिती ज्याची त्याची. सहसंबंधासाठी हे एक, फतेगंजकर ताई, जसंच्या तसं वापरा:

‘शहरातल्या सेव-उसळच्या कोणत्याही २० लाऱ्या (हातगाड्या) किंवा दुकानं घ्या. प्रत्येकाचा साध्या प्लेटचा भाव आणि स्टेशनपासूनचं अंतर (नकाशावर मोजून, किलोमीटरमध्ये एक दशांशापर्यंत) लिहा. भाव फलकावरचा, विचारलेला नाही. तारीख आणि वेळ नोंदवा. सहसंबंध गुणांक हाताने काढा. एकूण लिखाण २ पानं.’

गुण १०. माहितीला २: २० नोंदी, एकक, तारीख, एक गोष्ट कमी असली तर १. पद्धत निवडायला ३: नुसतं नाव १, कारण आहे पण या माहितीला बसत नाही २, कारण याच आकड्यांतून आलंय ३. आकडेमोडीला २. अर्थ लावायला ३.

आकडेमोडीला दोनच का? कारण तेवढीच मशीन करून देतं. आणि ‘प्रेझेंटेशन ५ गुण’ असलं काही ठेवू नका, रंगीत किनार आणि प्लॅस्टिकची फाइल येते, आत मजकूर शेजाऱ्याचा.

यात बिघडतं कुठे ते आधीच सांगून ठेवते. भाव दहाच्या पटीत अडकलेले असतात, त्यामुळे एकच भाव सहा-सहा ठिकाणी येतो. स्पिअरमन घेतला तर क्रमांक सारखे येणार, तिथे फरकांच्या वर्गांचं नेहमीचं साधं सूत्र तंतोतंत लागू पडत नाही. सरासरी क्रमांक देऊन दुरुस्ती करावी लागते. हे वर्गात झालेलं नसेल तर असाइनमेंट अन्यायाची होते. शिकवा किंवा ‘सारखे क्रमांक आल्यास काय कराल?’ हा एक गुणाचा भाग करा. दुसरं म्हणजे सगळी एकाच रस्त्यावरच्या २० लाऱ्या घेतात, मग अंतर सगळीकडे सारखंच! निदान चार वेगळे भाग हवेत ही अट घाला.

एआयचं प्रत्येक कामाला वेगळं लिहा, सरसकट बंदी नको. या कामात: इंग्रजी सुधारून घ्यायला चालेल, पद्धत निवडायला नाही, वापरलं तर शेवटी एक ओळ, कशाला वापरलं. आणि कोणत्याही १० जणांना बोलावून ३ मिनिटं विचारणार: ‘अकरावी नोंद कुठली? हा गुणांक उणे का आला?’ हेही आधीच लिहायचं. १० जणांची निवड चिठ्ठ्या टाकून.

दांडियाबाजार | बुधवार, रात्री १०:२०

एक पुरवणी. ‘१० टक्के कॉपी चालते’ असं मुलं आणि काही शिक्षकही सांगतात. ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या वाङ्मयचौर्य नियमावलीतून उचललेलं आहे. ती नियमावली प्रबंध आणि संशोधन लेखांसाठी. असाइनमेंट, टर्म पेपर, उत्तरपत्रिका तिच्यातून स्पष्टपणे वगळल्यात. तुमच्या वर्गाचा नियम तुम्हालाच लिहावा लागेल. आणि सॉफ्टवेअर दाखवतं ते साम्य, चोरी नव्हे. २० लाऱ्यांचे पत्ते सगळ्यांचे सारखे येणारच.

चौथा_बाक | बुधवार, रात्री १०:२६

गटकार्याचं कोणी सांगेल का? गटात पाच असतात, काम दोघं करतात, गुण सगळ्यांना.

पासहोल्डर | गुरुवार, सकाळी ६:४०

पाच नको, चार. गट मैत्रीवर नको, हजेरी क्रमांकावरही नको. येण्याजाण्याच्या दिशेवर करा. आणंदकडून येणारे एकत्र, डभोईचे एकत्र. त्यांना भेटायला वेगळी वेळ काढावी लागत नाही, काम गाडीत-बसमध्ये होतं. १० पैकी ६ गुण ज्याच्या त्याच्या भागाचे, ४ गटाचे. दर शुक्रवारी एक चिठ्ठी: कोणी काय केलं, चौघांच्या सह्या. शेवटी एकदम सह्या घेतल्या तर सगळे ‘समान वाटा’ लिहितात, मित्राविरुद्ध कोण लिहील? दर आठवड्याला लिहायची असली की दुसऱ्या शुक्रवारीच रिकामी जागा दिसते आणि तेव्हा बोलता येतं.

दांडियाबाजार | गुरुवार, सकाळी ९:१५

परीक्षेच्या बाजूचं राहिलेलं.

गुण दाखवल्यापासून ७ दिवसांत, लेखी, कोणता प्रश्न आणि का, एवढं लिहून फेरतपासणी मागता येईल. ‘गुण कमी आहेत’ हे कारण नाही. फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात की नाही हे आधी ठरवून छापा. त्यावर समाधान झालं नाही तर यूजीसीच्या २०२३च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिच्या अहवालाला साधारण १५ कामाचे दिवस, आणि त्यानंतर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला विद्यापीठाचा लोकपाल. हे पत्रकात एका ओळीत असावं. मुलांना रस्ता माहीत असला की ती आधी तुमच्याकडेच येतात.

लेखनिक किंवा जादा वेळ लागणाऱ्या मुलांसाठी तासाला किमान २० मिनिटं. तुमची ४५ मिनिटांची चाचणी असेल तर १५ जादा. त्यासाठी खोली पुढच्या तासाला रिकामी हवी, हे चाचणीच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

अर्ध्या गुणासाठी भांडणाऱ्यांना हिशेब दाखवा: २२ क्रेडिटच्या सत्रात ४ क्रेडिटच्या पेपरात एक श्रेणी वर गेली तर एसजीपीए (सत्राची क्रेडिटनुसार काढलेली श्रेणीची सरासरी) ०.१८ ने वाढतो. श्रेणीच्या उंबरठ्यावर असलेल्याला मात्र अर्धा गुणही मोलाचा, त्याला हा हिशेब ऐकवू नका.

तिरकी_रेघ | गुरुवार, दुपारी २:१०

मूळ प्रश्नातला ‘पोचलं की नाही’ हा भाग राहतोय.

पत्रक दोन बाजूंचा एक कागद, त्यापेक्षा मोठा नाही. वाचून दाखवू नका. जोडीजोडीने द्या आणि १० प्रश्न विचारा ज्यांची उत्तरं कागदातच आहेत: ‘असाइनमेंट १ गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता दिली तर काय होईल?’ ‘चाचणी बुडाली तर कोणाला, किती दिवसांत भेटायचं?’ १२ मिनिटं लागतात. ज्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जोड्या चुकल्या तो प्रश्न मुलांचा दोष नाही, तुमचं ते वाक्य वाईट आहे. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून लावा, वर ‘आवृत्ती २’ आणि तारीख. तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्यांनाही तोच कागद आणि तेच १० प्रश्न, तासानंतर व्हरांड्यात.

तारखांची शेवटची, अधिकृत जागा एकच. व्हॉट्सअ‍ॅप गट फक्त सूचनेसाठी. तिथे शंका सुरू झाल्या की तारीख शंभर ‘ओके मॅम’च्या खाली गाडली जाते. मुदत बदलायची तर ७ दिवस आधी, आणि पुढेच ढकलायची, अलीकडे कधीच आणायची नाही.

तुमची बाजूही त्याच कागदावर, तितक्याच अक्षरात: तास वेळेवर सुरू, असाइनमेंट १० दिवसांत परत, निरोपाला कामाच्या दोन दिवसांत उत्तर. फक्त मुलांनी काय करायचं याचीच यादी दिली तर ती नोटीस होते.

चौथ्या आठवड्यात निनावी चिठ्ठ्या: काय चालू ठेवू, काय थांबवू. ६८ चिठ्ठ्या २० मिनिटांत वाचून होतात. पुढच्याच तासाला सांगा की काय बदलतंय, काय बदलत नाही आणि का. चिठ्ठ्या घेऊन गप्प बसणार असाल तर घेऊच नका, त्यापुढे वर्ग खरं लिहीत नाही.

फतेगंजकर | शुक्रवार, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. आज बसून कागद केला. मुख्य भाग टाकते, चुका काढा:

‘आठवड्याला वर्गाबाहेर ४ तास. दर सोमवारी त्या आठवड्याची ६ पानं आणि ५ गणितं फळ्यावर. अंतर्गत ५०: चाचण्या २, प्रत्येकी १५, असाइनमेंट २, प्रत्येकी १०. असाइनमेंट १ पाचव्या आठवड्यात, असाइनमेंट २ (सेव-उसळ) दहाव्या आठवड्यात. दोन्ही गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत. उसने दिवस ३, एका कामाला २, चाचणीला लागू नाहीत. शंका कोणत्याही भाषेत. स्पेलिंगचे गुण कापणार नाही. तपासलेलं काम १० दिवसांत परत. निरोपाला कामाच्या दोन दिवसांत उत्तर.’

चाचणी बुडाली तर काय, हे अजून ठरत नाहीये. पुन्हा घेतली तर नवी प्रश्नपत्रिका काढावी लागते.

दांडियाबाजार | शनिवार, सकाळी ८:२०

दोन्ही चाचण्यांनंतर, १३व्या आठवड्यात, सगळ्यांसाठी एकच पूरक चाचणी ठेवा, पूर्ण अभ्यासक्रमावर, १५ गुणांची. ज्याची एक बुडाली त्याला तिचे गुण. कारण विचारायचं नाही, एकच प्रश्नपत्रिका, एकच खोली. पूर्ण अभ्यासक्रमावर असल्यामुळे मुद्दाम चाचणी टाळणाऱ्याला ती स्वस्त पडत नाही. दोन्ही बुडाल्या तर फक्त एकीचेच.

पासहोल्डर | शनिवार, सकाळी ८:५२

ताई, कॅलेंडर काढून पहिल्या तासापासून आठवडे मोजा. तुमचं सत्र जिथून सुरू होतंय तिथून दहावा आठवडा बरोबर नवरात्रात येतोय, आणि तो गुरुवार तर पाचवी रात्र. असाइनमेंट २ नवव्यात आणा. नाहीतर २० लाऱ्यांचे भाव मुलं रात्री दोन वाजता गरब्यावरून परतताना घेतील, आणि त्या वेळचा भाव फलकावर नसतो.